६ जूनच्या फळ्यावर नेमके काय लिहावे? तिथी, तारीख आणि एक संशयास्पद चक्रीवादळ

फळा_आणि_खडू (प्रश्नकर्ता)

नमस्कार. आमच्या तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयाच्या दारात एक काळा फळा आहे आणि निवृत्त झाल्यापासून त्यावर रोजचा दिनविशेष लिहिण्याचे काम माझ्याकडे आहे. चार ओळी, फार तर पाच. त्यापुढे कोणी उभे राहून वाचत नाही, हे अनुभवाने कळले आहे. मजकुरासाठी मी माझी एक जुनी वही, वर्तमानपत्रांतील कात्रणे आणि अलीकडे मोबाईलवर फिरणाऱ्या याद्या यांचा आधार घेतो. यंदाच्या ६ जूनने मात्र मला चांगलेच पेचात पकडले.

त्या दिवशी फळ्यावर असे लिहिले होते: १६७४, रायगडावर छत्रपती शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक. १८८२, मुंबईत चक्रीवादळ, एक लाखाहून अधिक बळी. १९४४, दोस्त राष्ट्रांचे सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले. १९५७, गुरुदेव रा. द. रानडे यांचे निंबाळ येथे निधन.

दुपारी अभियांत्रिकीला शिकणारा एक विद्यार्थी आला. त्याने संगणकावर ६ जून १६७४ चा वार काढून पाहिला होता आणि तो बुधवार येत होता. आपल्या पुस्तकांत मात्र राज्याभिषेकाचा वार कुठे शुक्रवार तर कुठे शनिवार दिलेला आहे. बुधवार कुठेच नाही. त्याच्या हिशेबाने खरी तारीख १६ जून असली पाहिजे. संध्याकाळी आमचे एक ज्येष्ठ सभासद म्हणाले की राज्याभिषेक तिथीने पाळायचा असतो, तेव्हा तो ६ जूनच्या फळ्यावर मुळात लिहायचाच कशाला. आणि ज्यांचे बालपण गिरगावात गेले अशा एका बाईंनी शांतपणे विचारले की एक लाख माणसे दगावलेल्या वादळाबद्दल आपण आजोबा-पणजोबांकडून एक अक्षरही कसे ऐकले नाही.

तिघांनाही मी ‘पाहून सांगतो’ असे म्हणालो आहे. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

जुने_दप्तर

विद्यार्थ्याचे गणित बरोबर आहे, निष्कर्ष मात्र अर्धाच बरोबर आहे, आणि या प्रश्नाची उकल वारातच दडलेली असल्यामुळे तेथूनच सुरुवात करणे सोयीचे होईल.

आज आपण वापरतो ती ग्रेगोरियन कालगणना ऑक्टोबर १५८२ मध्ये लागू झाली. त्या वर्षी रोममध्ये गुरुवार, ४ ऑक्टोबरनंतरचा दिवस शुक्रवार, १५ ऑक्टोबर धरण्यात आला. मधल्या दहा तारखा गाळल्या गेल्या, परंतु वारांची साखळी तुटली नाही. पोर्तुगाल या सुधारणेत आरंभापासून सामील होता, त्यामुळे सतराव्या शतकातील गोव्याच्या पोर्तुगीज कागदांतील तारखा नव्या पद्धतीच्या असतात. इंग्लंडने मात्र रोमच्या पोपचे हे फर्मान तब्बल १७० वर्षे मानले नाही. तिथे बुधवार, २ सप्टेंबर १७५२ नंतर गुरुवार, १४ सप्टेंबर उजाडला. याचा अर्थ असा की शिवकाळात सुरतेच्या वा मुंबईच्या इंग्रजांचे पत्र आणि गोव्याच्या पोर्तुगिजांचे पत्र एकाच दिवशी लिहिले गेले असले, तरी त्यांवरील तारखांत दहा दिवसांचे अंतर पडत असे.

राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडावर हजर होता. सकाळी सात-आठच्या सुमारास तो दरबारात गेला आणि सिंहासनावर बसलेल्या महाराजांचे वर्णन त्याने लिहून ठेवले, ते ६ जूनच्या तारखेने. इंग्रजांची तेव्हाची जुनी गणना धरली तर तो दिवस शनिवार येतो. संगणक आजची पद्धत उलटी मागे नेतो, म्हणून त्याला ६ जून बुधवारी दिसतो. तोच शनिवार नव्या पद्धतीने शोधायचा तर १६ जून १६७४ ला सापडतो. दिवस एकच आहे, त्याला लावलेली चिठ्ठी तेवढी निराळी.

आता शुक्रवारचे कोडे. कारीच्या जेधे घराण्याकडून मिळालेल्या आणि लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये उजेडात आणलेल्या जेधे शकावलीत, म्हणजे शकवार घटनांच्या टिपणात, ही नोंद शके १५९६, आनंद संवत्सर, ज्येष्ठ शुद्ध १२, शुक्रवार अशी आहे, आणि तीन घटका रात्र उरली असताना महाराज सिंहासनावर बसले असे तीत म्हटले आहे. एक घटका २४ मिनिटांची, म्हणजे सूर्योदयाला सुमारे सव्वा तास अवकाश होता. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, मध्यरात्री नव्हे. म्हणून तो पहाटेचा मुहूर्त शकावलीकाराच्या लेखी शुक्रवारचाच राहिला आणि इंग्रजांच्या लेखी शनिवार लागून गेलेला होता. द्वादशी किती घटकांना संपली तेही शकावलीत दिलेले असून त्यावरून त्या मुहूर्ताला त्रयोदशी लागली होती हे स्पष्ट होते. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीचा उत्सव करणारे आणि द्वादशीची नोंद दाखवणारे अनेकदा एकमेकांशी भांडतात, पण दोघे एकाच पहाटेबद्दल बोलत असतात.

तेव्हा बुधवार वगळता कोणीच चुकलेले नाही. मात्र १६ जून लिहायचे ठरवले, तर मग सगळीकडे तोच नियम लावावा लागेल: १९ फेब्रुवारी १६३० चे १ मार्च होईल, अफजलखानाच्या भेटीचा १० नोव्हेंबर १६५९ हा २० नोव्हेंबर होईल, आणि आपल्या शाळांची पाठ्यपुस्तके, शासकीय सुट्ट्या व पोवाडे यांपैकी काहीच त्याच्याशी जुळणार नाही. इतिहासाच्या मराठी ग्रंथांत १७५२ पूर्वीच्या तारखा सर्वसाधारणपणे इंग्रजांच्या जुन्या पद्धतीने देण्याची वहिवाट आहे. ती चालू ठेवावी, फक्त ती कोणती आहे ते सांगावे, असे माझे मत आहे. तिथी आणि शक आधी लिहून कंसात तारीख दिली, तर वाद घालायला फारशी जागा उरत नाही.

पायरीवाट

ज्येष्ठ सभासदांना एवढेच सांगावे की हा सोहळा रायगडावर दरवर्षी दोन्ही दिवशी होतो. राज्याभिषेकाचे ३५० वे वर्ष २०२३ मध्ये सुरू झाले, तेव्हा तिथीचा सोहळा २ जूनला आणि तारखेचा ६ जूनला झाला. मी दोन्ही वेळा गेलो होतो आणि गर्दीत उतरताना गुडघ्यांची झालेली अवस्थाही दोन्ही वेळा सारखीच होती. शिवाय २०२१ पासून महाराष्ट्र शासन ६ जून हा शिवस्वराज्य दिन म्हणून पाळते. तेव्हा फळ्यावरून तो काढता येणार नाही. हवे तर त्याच सभासदांना तिथीच्या दिवशी स्वतःच्या हस्ताक्षरात फळा लिहायला सांगा. बहुतेक वाद तेथेच मिटेल.

गागाभट्टांनी केलेल्या या अभिषेकानंतर त्याच वर्षी २४ सप्टेंबरला, आश्विन शुद्ध पंचमीला, निश्चलपुरी गोसावींच्या हस्ते तांत्रिक पद्धतीचा दुसरा राज्याभिषेकही झाला होता. तोही आपल्या वहीत टिपून ठेवावा, कारण फळ्यांवर तो जवळजवळ कुठेच दिसत नाही.

अष्टागरकर

मी चक्रीवादळाबद्दल लिहितो. गिरगावच्या बाईंची शंका योग्य आहे. ती ओळ कृपया पुसून टाकावी.

‘६ जून १८८२, मुंबई, एक लाख मृत्यू’ ही ओळ इंग्रजीतील आपत्तींच्या याद्यांतून वर्षानुवर्षे एकमेकींत उतरत आली आहे. अभ्यासकांनी तिचा माग काढला, तेव्हा त्या काळच्या वृत्तपत्रांत किंवा नोंदींत असे वादळ सापडलेच नाही. पण त्यांच्या शोधाची वाट न पाहताही साधा हिशेब करता आला असता. १८८१ च्या जनगणनेत मुंबई शहराची लोकसंख्या ७,७३,१९६ होती. एक लाख माणसे गेली असती, तर दर आठ मुंबईकरांमागे एक जण एका दिवसात नाहीसा झाला असता. ज्या शहरात तेव्हा महानगरपालिका होती, हायकोर्ट होते, रेल्वे धावत होती, मराठी, गुजराती आणि इंग्रजी पत्रे निघत होती, तेथील इतका मोठा संहार कोणी लिहून ठेवणार नाही, हे संभवत नाही.

माझ्या दृष्टीने सर्वांत बोलका पुरावा आपल्या घरचाच आहे. कोल्हापूर प्रकरणातील अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर यांना शिक्षा झाली ती जुलै १८८२ मध्ये, मुंबईतच, आणि ते दोघे १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात होते. त्या दिवसांवर आगरकरांनी पुस्तक लिहिले, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. जेमतेम दीड महिन्यापूर्वी शहराचा आठवा हिस्सा वाहून गेला असता, तर ज्युरी बसवून हा खटला नेहमीच्या शिस्तीत चालला असता का? ‘केसरी’ सुरू होऊन तेव्हा दीड वर्ष झाले होते. त्या वर्षीच्या जूनचे वादळ मराठी मुलुखाच्या बोलण्यात, म्हणीत, कुठे तरी उरलेच असते.

हे मी थोडे तळमळीने लिहितो, कारण ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ आम्ही अंगावर घेतले आहे. ते रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकले आणि अर्ध्या दिवसात आमच्या आळीतील सुपारीच्या बागा झोपल्या. पन्नास वर्षांची आंब्याची झाडे मुळासकट उलटली. त्या तुलनेने माणसे थोडी गेली, तरी गावातील प्रत्येकाला आज त्या दिवसाची वेळ, वाऱ्याची दिशा आणि कोणाचे पत्रे कोठे पडले ते सांगता येते. खरे वादळ असे आठवणीत राहते. आपल्या फळ्याला जूनमधील वादळच हवे असेल, तर तीन दिवस आधी ते लिहावे.

नभांगण

एक लाखाची ओळ पुसल्याने जागा मोकळी झाली असेल तर माझा एक आग्रह आहे. ६ जून १७६१ या दिवशी शुक्राचे अधिक्रमण झाले होते, म्हणजे शुक्र सूर्यबिंबावरून एखाद्या काळ्या ठिपक्यासारखा सरकत गेला होता. निरनिराळ्या ठिकाणांहून या घटनेच्या वेळा अचूक टिपल्या, तर पृथ्वीपासून सूर्याचे अंतर काढता येईल, हे हॅलेने आधीच दाखवून दिले होते. त्यामुळे युरोपातील अनेक ज्योतिर्विद दूरदूरच्या देशांत रवाना झाले. त्यांतील ल जांतील हा फ्रेंच गृहस्थ पाँडिचेरीला यायला निघाला. वाटेत त्याला कळले की पाँडिचेरी इंग्रजांनी घेतली. ती पडली जानेवारी १७६१ च्या मध्यावर, म्हणजे पानिपतावर आपला घात झाला त्याच आठवड्यात. उत्तरेत आणि दक्षिणेत हिंदुस्थानचे नशीब एकाच वेळी पालटत होते आणि हा बिचारा समुद्रात अडकला होता. ६ जूनला आकाश निरभ्र होते, शुक्र दिसलाही. परंतु डोलणाऱ्या जहाजावरून घेतलेल्या वेळांचा शास्त्राला काही उपयोग नव्हता.

पुढचे अधिक्रमण आठ वर्षांनी होते. तो थांबला. पाँडिचेरी तोवर फ्रेंचांना परत मिळाली होती. त्याने तेथे वेधशाळा उभारली, आणि जून १७६९ मध्ये ऐन वेळी ढग आले. फ्रान्सला परतला तेव्हा घरच्यांनी त्याला मृत धरून मालमत्तेच्या वाटणीची तयारी चालवली होती. मात्र या मुक्कामात त्याने तमिळ ज्योतिष्यांकडून ग्रहणाचे गणित समजून घेतले आणि त्यांची पद्धत युरोपात लिहून नेली. तिथी विरुद्ध तारीख या आपल्या वादात मला हा माणूस फार आवडतो, कारण त्याने दोन्हीकडची वही उघडून पाहिली.

भारतातून २०१२ चे अधिक्रमणही ६ जूनलाच दिसले, सूर्योदयापासून सकाळी दहा-सव्वादहापर्यंत. तीच घटना अमेरिकेतील लोकांनी ५ जूनच्या संध्याकाळी पाहिली. आता पुढचे डिसेंबर २११७ मध्ये आहे.

नॉर्मंडीबद्दलही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. ती मोहीम आधी ५ जूनला ठरली होती. हवामान बिघडल्यामुळे आयझेनहॉवरने ती एक दिवस पुढे ढकलली, आणि फार पुढे ढकलता येत नव्हती, कारण छत्रीधारी सैनिकांना चांदणे हवे होते आणि नावांना पहाटेची ओहोटी. दोन्ही गोष्टी जुळतील असे दिवस महिन्यात मोजकेच मिळतात. त्यामुळे दीड लाखाहून अधिक सैन्य किनाऱ्यावर उतरले ते पौर्णिमेला धरून. आपल्या पंचांगात पाहिले तर तोही ज्येष्ठाचा शुक्लपक्षच होता, त्रयोदशीपासून अवघ्या दोन-तीन दिवसांच्या अंतरावर.

जुने_दप्तर

पानिपताचा उल्लेख आला म्हणून एक जोड देतो. १४ जानेवारी १७६१ ही तारीख १७५२ नंतरची, म्हणजे नव्या पद्धतीची आहे. तिथे दहा दिवसांचा घोळ नाही. पण तेथे दुसरीच चूक होते. आज संक्रांत १४-१५ जानेवारीला येते म्हणून ‘ऐन संक्रांतीला पानिपत झाले’ असे लिहिले जाते. संक्रांतीची तारीख सुमारे सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ च्या मकरसंक्रांतीचा आणि तारीख १२ जानेवारी, यावरून सहज ताळा घेता येईल. म्हणजे १७६१ ची संक्रांत काही दिवस आधीच होऊन गेली होती. लढाईचा दिवस पौष शुद्ध अष्टमी, बुधवार.

उत्तरेचा_उजेड

मी मूळचा साताऱ्याचा, गेली बारा वर्षे स्वीडनमध्ये आहे. आपला प्रश्न वाचून हसू आले, कारण ६ जून हाच स्वीडनचा राष्ट्रीय दिवस आहे आणि त्याचे कारणही एक राजा सत्तेवर आला हेच आहे. ६ जून १५२३ या दिवशी स्ट्रेंगनेस येथे गुस्ताव वासा याची राजा म्हणून निवड झाली आणि डेन्मार्कच्या वर्चस्वाखालील संघ कायमचा मोडला. १८०९ ची राज्यघटनाही ६ जूनचीच. १९८३ मध्ये या दिवसाला राष्ट्रीय दिनाचा दर्जा मिळाला आणि सुट्टी तर २००५ पासूनची. त्यामुळे आमच्या कार्यालयातील जुनी मंडळी अजूनही या सुट्टीकडे काहीशा नवलाईने पाहतात.

मुद्दा असा की १५२३ मधली ती तारीख साहजिकच जुन्या पद्धतीची आहे. येथे कोणीही ती दहा दिवस पुढे नेऊन १६ जूनला झेंडे लावत नाही. आणि ज्या देशाने कालगणनेचा इतका गोंधळ घातला की १७१२ मध्ये चक्क ३० फेब्रुवारी पाळला, त्या देशाला हे सुचले नसेल असेही नाही! रशियाने उलट केले. पुश्किनचा जन्म त्याच्या काळच्या रशियन गणनेने २६ मे १७९९ चा. आज तो ६ जूनला साजरा होतो, आणि त्यांची ऑक्टोबर क्रांती नोव्हेंबरात. म्हणजे रूपांतर करणारे आणि न करणारे दोन्ही देश आपापल्या फळ्यावर ६ जूनच लिहितात.

फळा_आणि_खडू (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपली उत्तरे मी मोठ्या अक्षरांत छापून घेऊन आधी त्या विद्यार्थ्याला वाचायला दिली. वार बदलत नाही, तारीख बदलते, हे कळल्यावर त्याने तेथेच बसून आकडेमोड केली आणि शनिवार हाती लागल्यावर त्याच्या चेहऱ्यावर आलेले समाधान पाहण्यासारखे होते. तिथीवाले सभासद मात्र अजून पुरते राजी नाहीत. त्यांचे म्हणणे असे की घटका-पळे मोजणाऱ्या शकावलीकाराने जे लिहिले तेवढेच खरे. इंग्रज वकील पाहुणा होता, त्याच्या तारखेवर आपण का चालावे? यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि पुढच्या वर्षी ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीचा फळा त्यांनी लिहायचा हे पायरीवाट यांच्या सूचनेप्रमाणे ठरले आहे. गिरगावच्या बाईंना मी वादळाबद्दल त्यांचेच बरोबर असल्याचे सांगितले. ‘मग इतकी वर्षे लिहीत होतात?’ एवढेच त्या म्हणाल्या. लिहीत होतो, चार वर्षे.

पुढील ६ जूनसाठी वहीत आता हा मजकूर आहे:

शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध १३ (तत्कालीन इंग्रजी गणनेने ६ जून १६७४): पहाटे, तीन घटका रात्र उरली असता, रायगडावर छत्रपती शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक.
१७६१: शुक्राचे अधिक्रमण.
१९४४: दोस्त सैन्य नॉर्मंडीत उतरले, मूळ ठरलेला दिवस ५ जून.
१९५७: गुरुदेव रा. द. रानडे यांचे निधन.

कन्नड लेखक मास्ती व्यंकटेश अय्यंगार यांचा जन्म ६ जून १८९१ चा आणि मृत्यूही ६ जूनचाच, १९८६ मधला, हे वही चाळताना लक्षात आले. सीमेजवळचे आमचे काही वाचक कानडीही वाचतात, म्हणून पाचवी ओळ त्यांच्यासाठी राखली आहे.

वहीत पुढे १७ जूनच्या पानावर ‘१६७४, पाचाड येथे राजमाता जिजाऊंचे निधन’ एवढेच लिहिलेले होते. तेथेही आता आधी ज्येष्ठ वद्य ९, शके १५९६ असे घातले आहे.